खांद्यावरचा धक्का : नवशिक्याच्या रायफलीचा दीडशे वर्षांचा इतिहास

शिकारीच्या इंग्रजी पुस्तकांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. बारा-चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती पहिली खरी रायफल द्यायची तर ती कोणत्या व्यासाची, म्हणजे कोणत्या कॅलिबरची, असावी? अमेरिकेतल्या माँटानात किंवा स्वीडनच्या जंगलपट्ट्यात आजही हा प्रश्न घराघरांत विचारला जातो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषयच संपला, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला दूरचा वाटतो. मी स्वतः शिकारी नाही. पण शस्त्रांचा इतिहास वाचताना मला असे दिसून आले की, गेल्या दीडशे वर्षांत रायफलीत जे मोठे बदल झाले, त्यांतले बरेचसे या एका प्रश्नाभोवती फिरत राहिले. बंदुकीने समोरच्या जनावरावर काय परिणाम करावा, हे सगळेच विचारतात. ती मागच्या माणसावर काय परिणाम करते, हे फार उशिरा विचारले गेले. या लेखात मी त्या दुसऱ्या बाजूने पाहणार आहे.

आधी धक्क्याचे गणित समजून घेऊ. गोळी आणि जळालेल्या दारूचा वायू नळीतून पुढे जातात, तेव्हा तेवढाच संवेग रायफलीला मागे मिळतो. न्यूटनचा हा नियम शाळेत सगळेच शिकतात. रायफल जितकी जड, तितकी ती सावकाश मागे येते. म्हणून धक्का तीन गोष्टींवर ठरतो : गोळीचे वजन आणि वेग, दारूचे वजन, आणि खुद्द रायफलीचे वजन. नुसते कॅलिबर सांगून धक्का कळत नाही. ही साधी बाब पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

सेलूसच्या हातातली तोफ

फ्रेडरिक सेलूस हा इंग्रज तरुण १८७१ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. हत्तीच्या शिकारीसाठी त्याने ज्या बंदुका घेतल्या, त्या ‘फोर बोअर’ म्हणून ओळखल्या जात. एका पौंड शिशाच्या चार गोळ्या केल्या तर त्यातली एक बसेल एवढी ती नळी. म्हणजे गोळी सुमारे ११३ ग्रॅमची. बंदूक ठासणीची, आतून गुळगुळीत, स्वस्तातली. दारू मोजून नव्हे, तर पिशवीत हात घालून मूठभर काढून ओतायची. या बंदुकांनी त्याने पाऊणशेहून अधिक हत्ती मारले. पण १८८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने त्यांच्याविषयी जे लिहिले, त्यात अभिमान कमी आणि पश्चात्ताप जास्त आहे. एकदा बार उडालाच नाही, आणि घाईत तीच बंदूक पुन्हा वरून ठासली गेली. नंतर चाप ओढला तेव्हा तो जमिनीवरून उचलला जाऊन मागे फेकला गेला. त्या बंदुकांनी आपल्या मज्जातंतूंवर कायमचा परिणाम केला, त्यांना हात लावला नसता तर बरे झाले असते, असे त्याचे म्हणणे होते.

मला या कबुलीत शस्त्रांच्या इतिहासातला एक मोलाचा पुरावा दिसतो. सेलूस भित्रा नव्हता. पुढे साठी ओलांडल्यावर तो पहिल्या महायुद्धात लढायला गेला आणि १९१७ साली पूर्व आफ्रिकेत गोळी लागून मेला. अशा माणसाचाही नेम धक्क्याच्या आठवणीने बिघडत राहिला. धैर्याचा आणि दचकण्याचा काही संबंध नाही, हे यातून सिद्ध होते. दचकणे ही शरीराची सवय आहे. एकदा ती लागली की मन कितीही खंबीर असले तरी चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा आखडतो, नळीचे तोंड खाली जाते. नेमबाजीचे शिक्षक ही सवय उघडी पाडण्यासाठी एक जुनी युक्ती वापरतात. विद्यार्थ्याला न सांगता खऱ्या काडतुसांत एखादे रिकामे मिसळून द्यायचे. बार होत नाही, तरी नळी झटक्याने खाली जाते. गोळी सुटलीच नाही, मग धक्का कसला? तो धक्का डोक्यात आधीच बसलेला असतो.

सेलूसच्याही आधी सॅम्युअल बेकरने आफ्रिकेत नेलेली एक रायफल अर्ध्या पौंडाचा गोळा फेकत असे. तिचे वजन सुमारे नऊ किलो. तिच्या धक्क्याने आपण गरकन फिरत असू आणि आपल्याच रायफलीची आपल्याला धास्ती वाटे, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. या लोकांपुढे दुसरा मार्ग नव्हता. काळ्या दारूने गोळीला फार वेग देता येत नसे. म्हणून मोठे जनावर पाडायचे तर गोळीच मोठी करायची, हा एकच उपाय होता.

कॉर्बेटची दहा वर्षे

आपल्याला जवळचे उदाहरण जिम कॉर्बेटचे आहे. त्याचा जन्म १८७५ साली नैनितालचा. ‘जंगल लोअर’ हे त्याचे बालपणाच्या आठवणींचे पुस्तक १९५३ साली निघाले. त्यात त्याच्या पहिल्या बंदुकीचे वर्णन आहे. ती दुनळी, ठासणीची. तिची उजवी नळी तडकलेली. दस्ता आणि नळ्या पितळी तारेने बांधलेल्या. आजच्या पालकांच्या अंगावर काटा यावा अशी ती वस्तू. पण त्या लहान मुलाने एका नळीत मोजकी दारू भरून रानात फिरायला सुरुवात केली, ती याच बंदुकीने. एकच बार, आणि पुन्हा भरायला वेळ लागणार. त्यामुळे जनावराच्या जितके जवळ जाता येईल तितके जायचे, आणि खात्री झाल्याशिवाय चाप ओढायचा नाही, ही शिस्त त्याच्या अंगी बाणली. एक मोडकी बंदूक त्याची चांगली गुरू ठरली, याचे एक कारण तिच्यात थोडी दारू घातली जात होती, हेही आहे.

त्यानंतर दहाव्या वर्षी शाळेच्या कॅडेट पथकामुळे त्याच्या हाती .४५० मार्टिनी रायफल आली. हे १८७१ पासून ब्रिटिश सैन्याचे हत्यार. ३१ ग्रॅमची शिशाची गोळी आणि साडेपाच ग्रॅम काळी दारू. मी सैन्यातल्या काडतुसाचे हे आकडे घेऊन हिशेब केला, तर चार किलोच्या रायफलीवर धक्क्याची ऊर्जा सुमारे ४० ज्यूल येते. धडधाकट सैनिकही मार्टिनीच्या लाथेबद्दल तक्रार करत. दहा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर ती काय करत असेल, याची कल्पना करावी. त्याच मार्टिनीने कॉर्बेटने आपला पहिला बिबट्या मारला.

आता पुढची गोष्ट पाहा. १९०७ साली त्याने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी नोंदवले गेले होते. त्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्याला एक रायफल भेट दिली. ती होती लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५. वजनाला हलकी, धक्क्याला सौम्य. कॉर्बेटकडे जड दुनळी रायफलीही होत्या, पण डोंगरात दिवसच्या दिवस चालायचे असे तेव्हा त्याच्या खांद्यावर ही .२७५ असे. मार्टिनीची लाथ सोसलेल्या माणसाला मोठ्या बाराची भीती नव्हती. तरीही त्याने लहान बोअरला आपलेसे केले.

दाभण आणि हातोडा

ही .२७५ म्हणजे मुळात जर्मन माउझर कंपनीने १८९२ साली तयार केलेले ७×५७ मिलिमीटरचे काडतूस. ब्रिटिशांनी त्याला आपल्या मापात नवे नाव दिले, एवढेच. ते शक्य झाले ते पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनज्ञामुळे. १८८४ साली त्याने धूर न करणारी नवी दारू शोधली आणि १८८६ साली फ्रान्सने तिच्यावर चालणारी ८ मिलिमीटरची लेबेल रायफल सैन्याला दिली. नव्या दारूत तेवढ्याच वजनाला कितीतरी जास्त शक्ती होती. गोळीचा वेग बराच वाढला. मग अकरा मिलिमीटरची जाडजूड गोळी हवीच कशाला?

येथे लहान गोळीचे एक वैशिष्ट्य सांगायला हवे. हातोड्याने गोणपाटावर कितीही जोराने मारले तरी ते फाटेलच असे नाही. दाभण हलक्या हातानेही आरपार जाते. व्यासाच्या मानाने लांब आणि जड असलेली गोळी दाभणासारखी खोल शिरते. माउझरची मूळ गोळी ७ मिलिमीटर जाड आणि ११ ग्रॅमच्या आसपास वजनाची, म्हणजे बारीक आणि लांबुळकी होती. स्वीडन आणि नॉर्वे यांनी तेव्हाच संयुक्तपणे ६.५×५५ हे आणखी बारीक काडतूस ठरवले आणि १८९४ पासून त्याच्या रायफली सैन्यात आल्या.

या दाभणाची ताकद सर्वांत टोकाला नेली ती स्कॉटिश शिकारी वॉल्टर बेल याने. त्याने हजारावर हत्ती मारले आणि त्यांतले बहुतेक .२७५ ने. त्याने हत्तीची कवटी करवतीने उभी कापून मेंदूची जागा नीट पाहून घेतली होती. त्याचा युक्तिवाद असा, की मेंदूला लागलेली लहान गोळी हत्ती पाडते आणि चुकीच्या जागी लागलेली मोठी गोळी पाडत नाही. आणि धक्का कमी असेल तर गोळी योग्य जागी लागण्याचा संभव वाढतो. सेलूसनेही उत्तरायुष्यात ६.५ मिलिमीटरची मॅन्लिखर वापरली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

बेलचा धडा मात्र पुष्कळांनी अर्धाच घेतला. त्यांनी त्याचे कॅलिबर उचलले, करवतीने कापलेली कवटी विसरले. जखमी होऊन पळालेल्या जनावरांचा हिशेब कोणी ठेवला नाही. म्हणूनच आज अनेक आफ्रिकी देशांत धोकादायक जनावरांसाठी किमान .३७५ बोअरचा नियम आहे. लहान बोअर ही तरबेज माणसाची निवड असू शकते. ती आपोआप नवशिक्याची निवड होत नाही. हा वाद पुढे अमेरिकेत पोराबाळांच्या रायफलीवरून उफाळून आला.

१९५५ : दोन कंपन्या, एक बोअर

अमेरिकेत .३०-०६ हे १९०६ सालचे लष्करी काडतूस दोन महायुद्धांनंतर घरोघर पोहोचले होते. ११.७ ग्रॅमची गोळी, साडेतीन-पावणेचार किलोची रायफल. माझ्या हिशेबाने धक्का सुमारे ३० ज्यूल. बापाला ते चालते, पोराला नाही. सौम्य पर्यायांची धडपड तिथे आधीच सुरू झाली होती. १९१५ साली चार्ल्स न्यूटन याने आखलेले .२५० सॅव्हेज बाजारात आले. न्यूटनला त्यात १०० ग्रेनची गोळी हवी होती. पण कंपनीला जाहिरातीसाठी सेकंदाला ३००० फूट हा आकडा हवा होता. म्हणून ८७ ग्रेनची हलकी गोळी निवडली गेली. पोराला हरणावर नेम धरायचा असताना कंपनीचा नेम गिऱ्हाइकावर होता.

चाळीस वर्षांनी हीच गोष्ट उलट बाजूने घडली. १९५५ साली विंचेस्टरने .२४३ आणि रेमिंग्टनने .२४४ ही एकाच व्यासाची, सहा मिलिमीटरची काडतुसे बाजारात आणली. रेमिंग्टनचे काडतूस कणभर जोरदारच होते. पण रेमिंग्टनने गृहीत धरले, की लोक हे हलक्या गोळ्यांनी उपद्रवी लहान प्राणी मारायला घेतील. म्हणून त्यांनी नळीतल्या खाचांना बारा इंचांत एक फेरा दिला. विंचेस्टरने दहा इंचांत एक दिला. लांब, जड गोळी स्थिर राहायला तिला जास्त फिरकी लागते. त्यामुळे विंचेस्टरच्या नळीतून १०० ग्रेनची, हरणाला पुरणारी गोळी नीट जाई. रेमिंग्टनची त्याबाबत बदनामी झाली. लोकांना एकच रायफल दोन्ही कामांना हवी होती. १९६३ साली रेमिंग्टनने फिरकी बदलून काडतुसाला ‘६ मिलिमीटर रेमिंग्टन’ असे नवे नाव दिले, पण तोवर बाजार गेला होता. .२४३ ही ‘पोरांची रायफल’ म्हणून रुजली ती अशी.

.२४३ चा धक्का ३.६ किलोच्या रायफलीत सुमारे १३ ज्यूल, .३०-०६ च्या निम्म्याहून कमी. त्यामुळे बापांनी ती डोळे मिटून घेतली. पण जुन्या शिकाऱ्यांचा एक आक्षेप तेव्हापासून आजवर चालू आहे, आणि तो मला ग्राह्य वाटतो. साडेसहा ग्रॅमची गोळी हरणाच्या फुफ्फुसात नीट लागली तर काम चोख होते. पण हरीण तिरपे उभे असेल, आधी खांद्याचे हाड आडवे आले, तर हलक्या गोळीजवळ खोल जायला उरलेले बळ थोडे असते. म्हणजे चुकीला जागा कमी; आणि जो सर्वांत जास्त चुका करणार, त्याच्याच हाती आपण ती देतो.

दुसरी अडचण कोणी फारशी बोलून दाखवत नाही. मुलांसाठी म्हणून ज्या रायफली विकतात, त्यांचा दस्ता आखूड असतो. ते योग्यच आहे. दस्ता लांब असेल तर मूल मागे कलते आणि धक्का खांद्याऐवजी दंडावर घेते. पण त्याबरोबर ती रायफल हलकीही केलेली असते. धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ३.६ किलोची .२४३ जर २.७ किलोची केली, तर धक्का १३ ज्यूलवरून १७-१८ वर जातो. पूर्ण वजनाच्या रायफलीत ६.५×५५ चा धक्का जवळजवळ तेवढाच असतो. म्हणजे हलकी ‘पोरांची’ रायफल घेऊन आपण कॅलिबरमध्ये जे कमावले ते वजनात घालवतो, आणि वर गोळी हलकी ती हलकीच.

स्वीडनचा कायदा

याच मुद्द्यावर मला स्वीडनचा कायदा अभ्यासण्यासारखा वाटतो. तिथे १९८५ पासून नव्या शिकाऱ्याला परीक्षा द्यावी लागते. एल्क, म्हणजे पाचशे किलोपर्यंत जाणारे प्रचंड हरीण, मारण्यासाठी काडतूस पहिल्या वर्गाचे हवे. त्याची अट अशी : गोळी किमान ९ ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर २७०० ज्यूल ऊर्जा हवी, गोळी १० ग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर २००० ज्यूल पुरे. कायद्याने व्यासाचे नाव घेतलेले नाही. गोळी जड असेल तर ऊर्जेत सूट दिली आहे. दाभणाचे तत्त्व कायद्याच्या भाषेत लिहायचे तर असेच लिहावे लागेल. या अटीत .२४३ बसत नाही. जुने ६.५×५५ आपल्या १० ग्रॅमच्या गोळीसह सहज बसते. १८९४ सालच्या या काडतुसाने स्वीडिश मुलामुलींच्या पिढ्या एल्कच्या शिकारीला गेल्या, आणि धक्क्याची तक्रार फारशी झाली नाही.

अमेरिकाही फिरून तिथेच आली. १९८० साली रेमिंग्टनने ‘७ मिलिमीटर-०८’ आणले. ते कामगिरीत १८९२ च्या माउझरचे सख्खे भावंड. २००७ साली हॉर्नडीने ‘६.५ क्रीडमूर’ आणले. ते स्वीडिश काडतुसाच्या अगदी शेजारी बसते. या सर्वांचा धक्का पूर्ण वजनाच्या रायफलीत १८ ते २० ज्यूलच्या आसपास. सव्वाशे वर्षांच्या खटपटीनंतर उत्तर जवळजवळ पहिल्याच जागी सापडले.

आपल्याकडे

भारतात कॅलिबरची निवड खांद्याने कधीच केली नाही. ती सरकारने केली. सैन्याचे .३०३ नागरिकांना बंद, कारण काडतुसे बंडखोरांच्या हाती जातील ही भीती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० बोअरच्या आयातीवरही भारतात बंदी आली, कारण तोच व्यास जुन्या मार्टिनींचा होता. त्यातून विलायती कंपन्यांनी .४७० सारखी नवी काडतुसे काढली. स्वातंत्र्यानंतर सरकारी आयुध कारखान्याची .३१५ ही परवान्याची रायफल झाली. कोकणात आणि घाटमाथ्यावर पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक राहिली. मुलाला काय झेपेल, हा प्रश्न या व्यवस्थेत कोणी विचारलाच नाही.

तो विचारला गेला तो शिकार संपल्यावर, नेमबाजीच्या मैदानात. .२२ लाँग रायफलची गोळी अडीच ग्रॅमची, आणि स्पर्धेची रायफल पाच किलोच्या वर. धक्का जवळजवळ शून्य. एअर रायफलचा त्याहूनही कमी. ज्या कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकरवी काळविटांची शिकार होई, त्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या; त्याच जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. दोघांचेही हत्यार .२२. धक्क्याची भीती शिरायच्या आधी नेम, श्वास आणि चाप यांची ओळख व्हावी, ही शिकवण जगभरचे जाणते शिक्षक देत आले आहेत. आपल्याकडे ती शिकारीचा वारसा म्हणून नव्हे, खेळ म्हणून आली.

या साऱ्या वाचनातून माझे मत असे झाले आहे. जिथे शिकार कायदेशीर आहे तिथे मुलाला आधी .२२ वर वर्षभर घालवू द्यावे, मग ६.५ किंवा ७ मिलिमीटरची, अंगाला बसणाऱ्या दस्त्याची पण फाजील हलकी नसलेली रायफल द्यावी. सरावाला कमी दारूची काडतुसे आणि कानांना संरक्षण द्यावे, कारण मूल धक्क्याइतकेच आवाजालाही दचकते. पण यात पणाला लागलेले फक्त मुलाचे खांदे नाहीत. दचकलेल्या हाताने सुटलेली गोळी जनावराच्या पोटात लागते आणि ते रात्रभर रानात मरत पडते. सेलूसच्या पिढीने मोठ्या बाराला मर्दानगी मानले आणि तिची किंमत जनावरांनी मोजली. मुलाला झेपेल तेवढेच हत्यार देणे याला कोणी लाड म्हणत असेल तर म्हणो. समोरच्या जिवाला विनाकारण यातना होऊ नयेत, याची जबाबदारी चाप ओढणाऱ्या पोराच्या आधी त्याच्या हाती रायफल देणाऱ्या वडीलधाऱ्यांवर येते.